एक गाडी, एक पावती

३ ऑगस्ट २०१५, सोमवार. सकाळी ९.

आजपासून रोजनिशी. आयुष्यात मी दोनच गोष्टी लिहिल्या. वजनकाट्यावरच्या पावत्या आणि पत्रं. पावतीत कुणी खुशाली विचारत नाही, म्हणून पत्रासारखी सुरुवात करतो.

यूडिथा कशी आहे? माझी मेव्हणी. बहीण गेल्यापासून इथेच राहते. गुडघे दुखतात, तोंड ठणठणीत. शेजारचा कासिम शिंपी कसा आहे? दुर्दैवाने उत्तम. हिल्दा कशी आहे? माझी एकुलती मुलगी, देशाच्या पार त्या टोकाला, सुंबावांगात नर्स. तीन आठवडे फोन नाही म्हणजे बरीच असणार. कॉम्प्युटर कसा आहे? त्याची तब्येत तोळामासा. पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात कावीळ उतरली आहे. कीबोर्डावरचं एम रुसलं आहे, तीनदा दाबलं तर एकदा उमटतं. यूपीएस म्हातारं, पण शुद्धीवर. मी कसा आहे? मला काय धाड भरली आहे.

माझी बायको सलोमी कशी आहे, हे विचारायला हात आपोआप पुढे गेला. तिला जाऊन सव्वीस सप्टेंबरला वर्ष होईल.

हे रजिस्टर कंपनीचं. घायपाताची कंपनी बंद पडली तेव्हा कॉम्प्युटर, यूपीएस आणि ही सात कोरी रजिस्टरं मी घरी आणली. रकाने तेच: भरलेली, रिकामी, निव्वळ. कागदाचा जमाना गेला हे मलाही कळतं. मशीन सुधारलं की रोजनिशी त्यावरच.

६ ऑगस्ट, गुरुवार

मशीन चालू करून अंगणात गेलो, दोन संत्री सोलून खाल्ली, हात धुतले, आलो. अजून घड्याळच फिरतंय. यूडिथा म्हणाली, दाजी, माझी उगाली शिजली, तुमचं शिजलं का?

तिला काय कळणार. प्रश्न माझ्या सोयीचा नाही. प्रश्न सलोमीचा आहे.

सलोमी चर्चमधल्या बायकांच्या गायनवृंदाची म्होरकी. सूर लिहिलेले कुणालाच वाचता येत नाहीत, म्हणून ती एकेकीचा भाग स्वतः गाऊन फोनवर टेप करून द्यायची. एकेचाळीस टेपा आहेत. मधेच खोकते, हसते, "थांबा गं, पुन्हा घेऊ" म्हणते. ते कार्ड तिच्या फोनमधून काढून मी मशीनला लावलं. पण या मशीनवर कार्ड वाजवलं की ती अडखळते. एकेक अक्षर दोनदोनदा. सलोमी आयुष्यात कधी अडखळली नाही. अडखळायचो मी, तिच्यासमोर.

टांगा शहरात म्रिशो मिस्त्रीकडे गेलो. त्याने झाकण उघडून फुंकर मारली आणि म्हणाला, काका, याला कुंबुकुंबु कमी पडते.

आमच्या भाषेत डोक्यात उरतं ते कुंबुकुंबु. कचेरीत जुन्या कागदांची खोली असते ती कुंबुकुंबु. माणूस गेल्यावर वर्षाने प्रार्थना, भाषणं, जेवण होतं तेही कुंबुकुंबुच. आणि आता कळलं की मशीनच्या पोटात पट्ट्या असतात त्यांचंही नाव तेच. वर्षाचा दिवस तोंडावर आलेला आणि माझ्याच घरात कुंबुकुंबु कमी! खूण पटली. पट्टी सांगून आलो.

८ ऑगस्ट, शनिवार. शेतकरी दिनाची सुट्टी.

हिल्दाचा फोन. इकडचं तिकडचं न बोलता म्हणाली, बाबा, आईच्या टेपांची एक कॉपी पाठवा ना.

मी म्हटलं, कॉपी मिळणार नाही. एकतीस वर्षं काट्यावर बसलो. घायपाताच्या वाखाची गाडी आली की तिची एकच पावती फाडली. एका गाडीच्या दोन पावत्या म्हणजे चोरी. खऱ्या वस्तूची नक्कल नसते. आईचा आवाज ऐकायचा असेल तर वर्षाच्या प्रार्थनेला घरी ये.

ती म्हणाली, बाबा, आई गाडी नव्हती.

फोन ठेवल्यावर आठवलं. तीन-चार वर्षांपूर्वी सलोमी मला कॉम्प्युटरवरून झापत होती, ते या पोरीने गुपचूप फोनवर टेप केलं होतं. वर हसत वाजवून दाखवलं. मी जागच्या जागी पुसायला लावलं. नवऱ्याचा पाणउतारा सांभाळून ठेवायची वस्तू नव्हे. "पुसलं, बाबा" म्हणाली. हिल्दा तशी आज्ञाधारक.

१२ ऑगस्ट, बुधवार. दुपारी ४.

पट्टी बसली! आधी चार जीबी, आता आठ. म्रिशोने बसवताना हातही थरथरू दिला नाही.

घरी येऊन पाहतो तर मशीन सांगतं, तीन पूर्णांक दोन. काल होतं तेवढंच.

भरलेली आठ. निव्वळ तीन पूर्णांक दोन. बाकीचा माल वाटेत कुठे उतरवला? माझ्या काट्यावर अशी गाडी आली असती तर ड्रायव्हरला मी दोन तास उन्हात उभा केला असता.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

पुन्हा म्रिशोकडे. चांगला तासला त्याला. तो शांतपणे चहा पीत होता. म्हणाला, काका, पट्टी आत आहे, पण तुमच्या जुन्या मशीनला चारच्या पुढे मोजता येत नाही. मशीन बदला. मी म्हटलं, बायको बदलली नाही, मशीन बदलू? तो हसला, मग मुकाट्याने एक प्रोग्रॅम टाकून दिला. जी कुंबुकुंबु मशीनला दिसत नाही, तिचं हा प्रोग्रॅम एक कपाट करतो. स्क्रीनवर वेगळा ड्राइव्ह म्हणून दिसतं. जुन्या डिस्कपेक्षा कितीतरी पटीने चपळ.

जाता जाता म्हणाला, फक्त कच्चं काम ठेवा त्यात, वीज गेली की जातं. मी विचारलं, काय जातं? तेवढ्यात आमच्या मुहेझाची बस सुटली, मला पळावं लागलं.

बसमध्ये विचार केला. चपळपणा जात असणार. वीज गेल्यावर कोण चपळ राहतं?

निव्वळ: कपाट मिळालं, तेही फुकट.

१५ ऑगस्ट, शनिवार

कपाटात पेन्शन ऑफिसला लिहिलेली माझी एकोणीस पत्रं ठेवून पाहिली. बोट टेकायच्या आत उघडतात! यूडिथाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, उघडतात छान, पण दाजी, उत्तर कुठल्या कपाटात येतं?

१७ ऑगस्ट, सोमवार

काल चर्चला जाताना मशीन बंद केलं. आज चालू केलं तर कपाट धुतल्यासारखं. एकोणीसच्या एकोणीस पत्रं गेली.

पहिला संशय कासिमवर. पण त्याला माउस कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही.

म्रिशोला फोन. म्हणतो, काका, मी तेच ओरडत होतो बसमागे. बंद करताना कपाटातलं जुन्या डिस्कवर उतरवून ठेवायची सोय आहे, तेवढी खूण करा. केली. बंद करून पाहिलं. डिस्क बाळंतिणीसारखी कण्हत राहिली, पंचवीस मिनिटं. भाकरीपेक्षा भांडी जास्त.

बसून नीट विचार केला. दोष कपाटाचा नाही, बंद करणाऱ्याचा आहे. बंदच केलं नाही तर जाणारही नाही. खूण काढून टाकली.

संकल्प: मशीन यापुढे बंद करायचं नाही. वीज जायची भीती नाही. निवडणुकीचं वर्ष आहे. ऑक्टोबरपर्यंत वीज जाऊ द्यायची नाही, एवढं कळण्याइतकी सरकारला अक्कल असते. क्षणभर लुकलुकली तर यूपीएस आहेच.

पत्रांचं दुःख नाही. मूळ पत्रं पेन्शन ऑफिसात सुखरूप आहेत. चार वर्षं कुणी हातही लावलेला नाही.

२० ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ११.

आज सलोमीला कपाटात हलवलं.

पहिली टेप लावली. अडखळली नाही. एकदाही नाही. खालच्या पट्टीतला तिचा भाग, मग खोकला, मग "थांबा गं, पुन्हा घेऊ." यूडिथा दारात भाजीची टोपली घेऊन उभी राहिली. टोमणा नाही, काही नाही. टोपली खाली ठेवली आणि दाराच्या चौकटीला टेकून बसली. एकेचाळीस झाल्या तोवर दुपारचे अडीच. जेवण करपलं.

मी कॉपी केली नाही. कट केलं. जुनी जागा रिकामी, नवी जागा भरलेली. एक गाडी, एक पावती. शिवाय ज्याचं नावच कुंबुकुंबु, ते विसरेल कसं?

कार्ड मोकळं झालं. कासिमला दिलं, त्याला गाणी ठेवायला हवं होतं. म्हणाला, काटेवाले, आज एवढा जीव का सुटलाय माझ्यावर? मी म्हटलं, मन मोठं असलं की असं होतं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

रजिस्टरा, तुझा निरोप घेतो. उद्यापासून रोजनिशी कपाटात. खडकावर कोरल्यासारखी राहील.

६ सप्टेंबर, रविवार

परत आलो. रजिस्टरपुढे मान खाली घालायचं कारण नाही. कीबोर्डावरचं एम पूर्ण मेलं. एम नसेल तर सलोमी लिहिता येत नाही. मुहेझासुद्धा नाही. दोन आठवड्यांची पानं कपाटात आहेत. फार चांगली उतरली आहेत. विशेषतः लग्नाच्या वर्षाबद्दलची.

हिल्दाचा फोन आला होता. रजा नाही. वॉर्डात दोनच नर्स, एक बाळंतपणाला गेली. म्हणाली, बाबा, मी नाही येऊ शकत, निदान आवाज तरी येऊ द्या माझ्याकडे. तुम्ही वाजवाल त्याच वेळी मी इथे वाजवेन.

मी म्हटलं, आईचा आवाज हवा होता तर आई बोलत होती तेव्हा यायचं होतं.

तिने फोन ठेवला.

मी बोललो ते खोटं नाही. तेव्हाही रजा नव्हती. नेहमी रजा नसते.

९ सप्टेंबर, बुधवार

हिल्दाला दोनदा फोन केला. उचलत नाही. रात्रपाळी असेल.

१० सप्टेंबर, गुरुवार. सकाळी.

वीज लुकलुकली. यूपीएस किंचाळलं, पण धरून ठेवलं! म्हाताऱ्या हाडांत दम आहे. किती वेळ धरतं, ते पाहायला प्लग काढून बघावं असं मनात आलं, पण आत सलोमी आहे. अंदाजाने दहा मिनिटं. काट्याशिवाय वजन सांगायची माझी ख्याती होती.

कासिम कुंपणावरून: काटेवाले, पाळणा हलवा, मूल रडतंय!

यूडिथाची इस्त्री बंद केली. इस्त्री लावली की आमच्या घरची वीज डोळे मिटते. ती म्हणते, वर्षाला मी चुरगळलेला कांगा नेसू? नेस. सलोमीला राग येणार नाही. यूडिथा म्हणाली, तिला राग येईल तो वेगळ्याच गोष्टीचा.

हिल्दा उचलत नाही.

१५ सप्टेंबर, मंगळवार

वर्षाच्या दिवसासाठी अँप्लिफायर मिळत नाही. जनरेटर नाही. मुहेझात जेवढे भोंगे आहेत तेवढे सगळे प्रचाराच्या गाड्यांवर चढलेत. दिवसभर रस्त्यावरून भविष्य ओरडत फिरतं. माझ्या बायकोच्या आवाजाला एक भोंगा उरला नाही.

यूडिथा म्हणाली, दाजी, टेपा एका कार्डावर द्या, चर्चच्या स्पीकरच्या पेटीवर लावू, ती बॅटरीवर चालते. म्हणजे पुन्हा नक्कल. पुन्हा तेच. सगळ्या बायका एका शाळेत शिकल्या आहेत.

म्रिशोला फोन केला, मशीन बाहेर अंगणात नेता येईल का? म्हणाला, काका, आधी डिस्कवर उतरवून घ्या. मग कुठेही न्या, टाकून दिलं तरी चालेल. हो हो म्हटलं. पंचवीस मिनिटं डिस्कचं कण्हणं आणि अडखळलेली सलोमी परत नको. उतरवून घ्या म्हणे. सामान आहे का ती.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

योजना पक्की. सविस्तर लिहून ठेवतो, पुढे कुणाला उपयोग होईल.

कासिमचं कापड कापायचं टेबल. त्यावर मशीन, स्क्रीन, दोन स्पीकर, यूपीएस. चार माणसं: मी, कासिम, आणि चर्चमधले दोघे धट्टेकट्टे. भिंतीतला प्लग काढायचा, यूपीएसवर मशीन जिवंत, दारातून अंगणात, आंब्याखाली. तिथे कासिमच्या घरातून ओढलेली वायर तयार. प्लग लावायचा. तीस पावलं. दोन मिनिटं. यूपीएसची दहा. आठ मिनिटं शिल्लक.

कासिमला समजावलं. म्हणाला, म्हणजे दवाखान्यात सलाइनसकट रोगी नेतात तसं? मी म्हटलं, तसंच. म्हणाला, काटेवाले, रोगी बहुतेक वेळा दारातच जातो. पण टेबल दिलं.

२५ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी.

रंगीत तालीम. मशीनऐवजी टेबलावर तांदळाचं पोतं. एक मिनिट पन्नास सेकंद! पोत्याचा एक दाणा सांडला नाही.

हिल्दाचा संदेश आला, फोन नाही: "उद्या दहा वाजता मी वॉर्डात उभी राहून प्रार्थना करेन." एवढंच. मी उत्तर लिहायला घेतलं. ठीक आहे, लिहिलं. मग पुसलं. उद्या सगळं सुरळीत झालं की फोनच तिथे धरेन. फोनवर का होईना, कळेल तिला बापाने काय सांभाळलं होतं.

निव्वळ: उद्या.

२६ सप्टेंबर, शनिवार

कार्यक्रम उत्तम झाला. नव्वदच्या वर माणसं. पिलाव कमी पडला नाही. पाद्री चांगले बोलले.

२७ सप्टेंबर, रविवार. चर्चला गेलो नाही.

कालचं थोडं लिहायचं राहिलं.

दहाला पाच कमी. अंगण भरलेलं. यूडिथा चुरगळलेल्या कांग्यात पहिल्या रांगेत. मी पाद्रींना सांगून ठेवलं होतं, आम्ही एक वस्तू घेऊन बाहेर येऊ, मग तुम्ही सुरू करा. कसली वस्तू ते सांगितलं नाही. लोकांनी चकित व्हावं असं मनात होतं.

प्लग काढला. यूपीएस किंचाळलं. चौघांनी टेबल उचललं. दाराशी आलो आणि सामानासकट टेबल दारात बसेना. तालमीत बसलं होतं. तालमीत पोतं होतं, पोतं दबतं. स्क्रीन दबत नाही. कासिम म्हणाला, तिरकं करा, तिरकं! तिरकं केलं. एक स्पीकर पडला, वायरीला लोंबकळत आला. पण बाहेर पडलो. पायऱ्या उतरलो. आंबा दिसत होता. कासिमची वायर दिसत होती, वीसेक पावलांवर.

आणि पाद्रींनी आम्हाला पाहिलं. चार माणसं, खांद्याएवढं उंच धरलेलं टेबल, त्यावर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी, संथ चालीने येणारी. त्यांना वाटलं हाच विधी. त्यांनी हात वर केले आणि म्हणाले, आपण प्रार्थना करू या.

नव्वद माणसं उभी राहिली, नव्वद माना खाली. आमच्यातल्या दोघांनी जागच्या जागी पाय रोवले, डोळे मिटले. कासिम मशिदीतला माणूस, पण तोही थांबला, शेजारधर्म म्हणून. चारातले तीन थांबले म्हणजे टेबल थांबलं.

प्रार्थना चालू असताना आमच्याकडे कुणी पाऊल उचलत नाही. मूलसुद्धा नाही. एकतीस वर्षं मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून कुजबुजणाऱ्यांकडे डोळे वटारले आहेत. आणि प्रार्थना सलोमीसाठी होती. मी ओरडायला हवं होतं. मीही डोळे मिटले.

यूपीएस आधी थांबून थांबून ओरडत होतं. मग घाई केली. पाद्री म्हणत होते, प्रभो, तुझ्या या लेकीचा आवाज आमच्या कानांत सदैव ठेव. मी मिटल्या डोळ्यांनी मोजत होतो. दहा मिनिटं धरून चाललो होतो. चारसुद्धा झाली नसतील. मग ओरडणं सलग झालं, एकच लांब सूर. आणि बंद पडलं. पंख्याची धाप बंद पडली. अंगणात इतकं शांत झालं की पाद्रींनाही वाटलं, आता आमेन म्हणावं.

आमेन. सगळ्यांनी म्हटलं. मीही.

आंब्याखाली नेलं. वायर लावली. कापड काढलं. सगळे बघत होते. स्क्रीनवर घड्याळ फिरत राहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुणी खोकलं. मला कपाट उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं. भरलेली, रिकामी दोन्ही रकाने सारखे.

तेव्हा यूडिथा उठली. माझ्याकडे पाहिलंही नाही. सलोमीचा खालचा भाग तिने सुरू केला. पहिल्या ओळीत अडखळली, म्हणाली, थांबा गं, पुन्हा घेऊ. बायका हसल्या, रडल्या, आणि मग सगळ्यांनी उचललं.

जेवणानंतर मागच्या रांगेतले एक आजोबा, कानाने अधू, माझा हात धरून म्हणाले, वा, काय मशीन आहे. तीच, अगदी तीच बाई.

मी मान हलवली. हो म्हटलं.

२९ सप्टेंबर, मंगळवार

मशीन घेऊन टांगा शहरात. म्रिशोने अर्धा तास काहीतरी केलं, मग हात पुसले. म्हणाला, काका, डिस्कवर असतं तर खरवडून काढलं असतं. हे डिस्कवर कधी आलंच नाही. जिथे होतं तिथे विजेशिवाय काही टिकत नाही. मी म्हटलं, मग त्याला कुंबुकुंबु का म्हणता? तो म्हणाला, नाव मी ठेवलं नाही, काका. पैसे घेतले नाहीत. त्याचं वाईट जास्त वाटलं.

माझी दोन आठवड्यांची पानंही गेली. लग्नाच्या वर्षाबद्दल काय लिहिलं होतं, आठवत नाही. चांगलं होतं एवढं आठवतं.

३० सप्टेंबर, बुधवार. संध्याकाळी ५.

कासिम आला. कुंपणावरून नाही, रस्त्याने फिरून दारातून आला. हातात ते कार्ड. म्हणाला, काल मुहेझातल्या दोघा मिस्त्रींना दाखवलं, गाण्यांखाली काही उरलंय का म्हणून. माझी गाणी वरपर्यंत ठासून भरली होती. काही उरलेलं नाही. तुम्ही बोलला असता तर मी दुसरं कार्ड घेतलं असतं.

बसला. चहा घेतला. काटेवाले म्हणाला नाही, हिल्दाचे बाबा म्हणाला. एक टोमणा मारला नाही. तेव्हा मला कळलं की खरंच गेलं.

४ ऑक्टोबर, रविवार

हिल्दा फोन उचलत नाही. पत्र टाकतो. आधी इथे कच्चं, मग स्वच्छ कागदावर. म्हणजे याच्या दोन पावत्या होणार. होऊ देत.

प्रिय हिल्दा,

तू कशी आहेस? तुझे पाय सुजतात का अजून, उभं राहून? वॉर्डातली दुसरी नर्स बाळंत झाली का, बाळ बरं आहे ना? मावशी बरी आहे, गुडघे तसेच. तिची इस्त्री पुन्हा सुरू झाली आहे. कासिमकाका बरे आहेत, फार चांगले आहेत. मशीन बंद आहे. मी बरा आहे, काळजी आहे ती तुझीच.

आईचं वर्ष पार पडलं. मावशी गायली. तू ज्या आवाजाची कॉपी मागत होतीस तो आता नाही. एकही टेप नाही. वीज गेली असं लिहिणार होतो. वीज गेली नव्हती. मी प्लग काढला. त्याच्या आधी तू मागितलंस तेव्हा मी दिलं नाही. तुला घरी ओढून आणायला दोरी म्हणून वापरलं मी तिला. फोनवर जे बोललो ते मनात होतं म्हणून बोललो, पण खरं नव्हतं.

एक विचारायचं आहे. तुला आठवतं, तू फोनवर आईला टेप केलं होतंस, ती मला झापत होती ते? "हिल्दाचे बाबा, त्या डब्याला दिवसभर विचारता तेवढं एकदा मला विचारलं असतं तर मीही चटकन उत्तर दिलं असतं." मी तुला ते पुसायला लावलं होतं. तू पुसलं म्हणालीस.

तू लहानपणापासून आज्ञाधारक. निदान मी सगळ्यांना तसं सांगत आलो. आई मात्र हसायची त्यावर.

तू त्या दिवशी माझं ऐकलं नसशील, तर कळव. मला कॉपी नको. तू फोन लाव आणि मला एकदा ऐकव, एवढंच. आणि ऐकलं असशील, तरी कळव.

लवकर लिही.

तुझे बाबा